विंडोजच्या फाइली शाबूत आहेत का, हे कसे तपासावे

संगणक अधूनमधून आपोआप बंद पडू लागला, स्टार्ट मेन्यू उघडेनासा झाला किंवा अपडेट दर वेळी अर्ध्यावर येऊन मागे फिरू लागले, की बहुतेक जण थेट फॉरमॅट मारण्याच्या गोष्टी बोलू लागतात. त्याआधी तासाभराचे एक काम करून पाहावे. विंडोजच्या स्वतःच्या फाइली मुळात होत्या तशाच आहेत की मधल्या काळात बिघडल्या, हे विंडोजकडूनच तपासून घेता येते. अपडेट चालू असताना वीज जाणे, डिस्क खराब होत जाणे, व्हायरस आणि विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारी चोरटी साधने, ही बिघाडाची नेहमीची कारणे आहेत. तपासणीसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. ‘एका क्लिकमध्ये पीसी दुरुस्त’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला तर जाऊच नये.

तपासणी म्हणजे तुलना. फाइलीतील सगळ्या मजकुरावरून गणिताने ठरावीक लांबीचा एक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो. विंडोज आपल्या फाइलींच्या अशा नोंदी आणि चांगल्या प्रती विंडोज फोल्डरमधल्या ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरात सांभाळून ठेवते. सिस्टिम फाइल चेकर, म्हणजेच एसएफसी, वापरात असलेली फाइल या नोंदीशी ताडून पाहते आणि तफावत दिसली तर तिथलीच प्रत आणून बसवते. मात्र हा साठाच बिघडलेला असेल तर एसएफसीचा इलाज चालत नाही. म्हणून आधी साठा दुरुस्त करणारे डीआयएसएम आणि मग एसएफसी, हाच क्रम ठेवावा. मायक्रोसॉफ्टही हाच क्रम सुचवते, तरी पुष्कळ जण उलट्या क्रमाने जातात आणि ‘उपयोग झाला नाही’ म्हणून सोडून देतात.

सुरुवात डिस्कपासून करावी, कारण डिस्कच खराब असेल तर आज दुरुस्त केलेली फाइल उद्या पुन्हा बिघडेल. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे, तिथल्या टूल्स या टॅबमध्ये चेक हे बटण दाबावे आणि दोष निघाल्यास दुरुस्ती होऊ द्यावी. लॅपटॉप असल्यास चार्जर लावूनच पुढचे काम करावे.

आता स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावीत. वर आलेल्या कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. साध्या क्लिकने उघडलेल्या खिडकीत हे आदेश चालत नाहीत. आदेश अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आहेत. पहिला आदेश असा: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या कळीवरची आहे. प्रत्येक रेघेच्या आधी एक मोकळी जागा सोडावी आणि रेघेनंतर सोडू नये. ‘क्लीनअप’ आणि ‘इमेज’ यांच्यामध्ये फक्त आडवी रेघ येते, ‘रिस्टोअरहेल्थ’ सलग लिहायचे. इथे ‘ऑनलाइन’चा अर्थ ‘सध्या चालू असलेली विंडोज’ एवढाच. पण बिघडलेल्या प्रती हे साधन बहुधा विंडोज अपडेटमधूनच आणते, त्यामुळे इंटरनेट चालू असलेले बरे. टक्केवारी एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडून बसते. ते अडकले असे समजून खिडकी बंद करू नये.

डीआयएसएम संपल्यावर त्याच खिडकीत दुसरा आदेश द्यावा: एसएफसी /स्कॅननाऊ. दुरुस्ती न करता नुसते पाहायचे असेल तर ‘स्कॅननाऊ’ऐवजी ‘व्हेरिफायओन्ली’ लिहावे. शेवटी येणारे वाक्य नीट वाचावे. ‘डिड नॉट फाइंड एनी इंटेग्रिटी व्हायोलेशन्स’ आले तर विंडोजच्या फाइली ठीक आहेत आणि दोष ड्रायव्हर, मेमरी किंवा एखाद्या प्रोग्रॅममध्ये शोधावा. बिघडलेल्या फाइली सापडून दुरुस्त झाल्या असे म्हटले असेल तर संगणक रिस्टार्ट करून एसएफसी पुन्हा एकदा चालवावे. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे आले तर विंडोज फोल्डरातील लॉग्ज आणि त्यातील सीबीएस या फोल्डरात ‘सीबीएस’ नावाची लॉग फाइल असते, ती डेस्कटॉपवर कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडावी. ती अवाढव्य असते, पण एसएफसीच्या ओळींवर चौकोनी कंसात ‘एसआर’ अशी खूण असते, तेवढीच शोधावी. नेमकी कोणती फाइल अडली हे तिथे नावानिशी सापडते.

इतकेही पुरले नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून त्याच आवृत्तीची व भाषेची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याचे सगळे साहित्य असलेली एकच मोठी फाइल) उतरवून, चालू विंडोजमध्येच तिच्यातला सेटअप चालवावा आणि आपल्या फाइली व अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडावा. फॉरमॅटची वेळ त्यानंतरची.

एसएफसी फक्त विंडोजच्या फाइली पाहते, बाहेरून बसवलेल्या प्रोग्रॅमांशी तिला देणेघेणे नाही. ऑफिससारख्या काही प्रोग्रॅमांत ‘रिपेअर’चा पर्याय असतो, स्टीम या गेमच्या दुकानातून घेतलेल्या गेमच्या फाइलीही तिथूनच पडताळता येतात. बाकीच्यांसाठी मुख्य फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब पाहावा, यादीतील सही निवडून डिटेल्स दाबावे, आणि सही ग्राह्य असल्याचे व कंपनीचे नाव बरोबर असल्याचे स्वतः वाचावे. टॅबच नसेल तर फाइलीवर सही नाही, इतकेच त्यातून कळते. लहान मोफत प्रोग्रॅमांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. सही असूनही ती जुळत नसेल, तर मात्र फाइल नंतर बदललेली आहे असे धरून तो प्रोग्रॅम काढून टाकावा आणि मूळ संकेतस्थळावरून पुन्हा बसवावा.

सही जुळली म्हणजे ‘कंपनीने दिली तशीच फाइल आहे’ एवढेच सिद्ध होते. 2017 च्या ऑगस्टमध्ये संगणकाची सफाई करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रॅमची 5.33 ही आवृत्ती अधिकृत मार्गाने आणि ग्राह्य सहीनिशीच वाटली गेली होती, पण तिच्यात घातक कोड आधीच घुसवलेला होता. सप्टेंबरमध्ये ते उघडकीस आले. अशा वेळी कोणतीही पडताळणी ‘सर्व ठीक’च सांगणार. त्यामुळे व्हायरसचा संशय असेल तर एसएफसीच्या निकालावर विसंबू नये, अँटीव्हायरसची तपासणी वेगळी करावीच. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’चा पर्याय आहे, तो संगणक रिस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, म्हणून चालू विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्रॅम तिथे सापडण्याची शक्यता अधिक असते.

विंडोज सुरूच होत नसेल तरी एसएफसी रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोजबाहेरच्या दुरुस्ती-मेन्यूतल्या, कमांड प्रॉम्प्टमधून चालवता येते. तिथे साध्या ‘स्कॅननाऊ’सोबत ‘ऑफबूटडिर’ आणि ‘ऑफविनडिर’ हे दोन पर्याय देऊन विंडोज कुठे आहे ते सांगावे लागते. रिकव्हरीमध्ये ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात आणि नेहमीचा सी तिथे डी म्हणून दिसू शकतो, तेव्हा आदेश देण्याआधी ‘डिर’ लिहून, पुढे एकेका ड्राइव्हचे अक्षर व अपूर्णविराम देऊन, विंडोज नावाचे फोल्डर नेमके कोणत्या ड्राइव्हवर आहे हे पाहून घ्यावे.