किल्ल्यावर पोरांना इतिहास शिकवायचा तर: एक दोरी, एक टेप आणि एकच प्रश्न

शाळेची सहल म्हणजे दोन एसट्या, गाइडची अर्ध्या तासाची पाठ केलेली टकळी, ग्रुप फोटो आणि परत. घरी शिकणाऱ्या मुलांची चैन अशी की वेळ आपल्या हातात असतो, मंगळवारी सकाळी किल्ल्यावर फारशी गर्दी नसते आणि पोरगं एका बुरुजापाशी दोन तास बसलं तरी कोणी शिट्टी मारत नाही. पण बरेच होमस्कूलवाले पालकसुद्धा हीच चैन वाया घालवतात, एका दिवसात मुरुड, अलिबाग आणि वाटेतलं जे सापडेल ते सगळं उरकतात आणि संध्याकाळी मुलाला विचारलं काय बघितलं, तर म्हणतं "तोफ". खालची पद्धत साधारण ७ ते १३ वर्षांच्या मुलांना चालते, कोकणातल्या जागा धरून लिहिलीय.

१. जागा एक, प्रश्न एक

जायच्या आठवडाभर आधी मुलासोबत बसून एकच प्रश्न ठरवायचा. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तिथे जाऊन बघून, मोजून, विचारून मिळेल. "किल्ला कधी बांधला" हा तसला प्रश्न नाही, त्याला पुस्तक पुरतं. सिंधुदुर्गासाठी: चारी बाजूंनी खारं पाणी, मग विहिरी गोड्या कशा? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी: तटाच्या दगडांमध्ये चुना का दिसत नाही? जंजिऱ्यासाठी: होडीतून आलेल्या शत्रूला दरवाजा कुठून दिसला असता? रत्नागिरीच्या थिबा पॅलेससाठी: इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाचा राजा पदच्युत केला, तो १९१६ मध्ये इथे कोकणात वारला, तर कैद्याला एवढा मोठा राजवाडा कशाला बांधून दिला?

मोठं भावंड असेल तर त्याला त्याचा वेगळा प्रश्न द्या, नाहीतर तो धाकट्याची उत्तरं देऊन मोकळा होतो.

२. भरतीचं गणित मुलानेच करायचं

हे काम मोठ्यांनी मोबाइलवर बघून टाकायचं नाही. कोळी लोकांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, तर दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या आणि पौर्णिमा १५ धरायची, सव्वाअकरा. भरतीपासून सव्वासहा तास पुढेमागे गेलं की ओहोटी. कालनिर्णय भिंतीवर असतंच, मुलाला म्हणायचं, अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघायचाय, तू दिवस सांग.

इथे खरी गंमत होते. पोरगं पहिल्यांदा अष्टमी शोधून आणतं, कारण तेव्हा भर दुपारी बाराला ओहोटी. मग सांगायचं की अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी, त्यामुळे ओहोटीला सुद्धा वाटेत पाणी राहू शकतं. उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते अमावास्या-पौर्णिमेला आणि त्याच्यानंतरचे एकदोन दिवस, म्हणजे तृतीया बरी, सव्वादोनला भरती आणि सकाळी आठच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. तिथी, पाऊणकी, चंद्र, पृथ्वी सगळं एका कागदावर येतं आणि मग लक्षात येतं की कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, त्यांनाही हे पाण्याचं घड्याळ चुकलेलं नव्हतं.

ठोकताळा शिकण्यासाठी आहे हं, प्रत्यक्ष पाण्यात पाय टाकायच्या आधी छापील तक्त्याची वेळ बघायची आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचं. पाणी वळायला लागलं की प्रश्न अर्धवट राहिला तरी परत निघायचं.

३. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात

सिंधुदुर्गाचा गोड्या पाण्याचा प्रश्न घेतला असेल तर काचेच्या ग्लासात अर्धं पाणी, त्यात चार चमचे मीठ आणि थोडी हळद. ते विरघळलं की वरून चमच्याच्या पाठीवर अगदी हळू साधं पाणी सोडायचं. दोन थर वेगळे दिसतात, पिवळं खाली आणि स्वच्छ वर. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर असंच तरंगत राहतं आणि विहीर बेताची खोल असेल तर गोडं पाणीच लागतं. हाच ग्लास जोरात ढवळून दाखवा आणि विचारा, विहिरीचा उपसा फार केला तर काय होईल? उत्तर मुलालाच देऊ दे.

चुन्याचं बघायचं असेल तर किनाऱ्यावरचा शिंपला आणून त्यावर व्हिनेगर टाका, फसफसतं. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे ही जुनी रीत. चुनकळीला (भाजलेल्या कोरड्या चुन्याला) मात्र मुलांनी हात लावायचा नाही, पाणी पडलं की ती उकळते. आणि व्हिनेगरचा प्रयोग घरीच, किल्ल्याच्या भिंतीवर अजिबात नाही.

शब्दही आदल्या दिवशीच द्यायचे, पाचसहाच: तट, बुरूज, फांजी म्हणजे तटावरून चालायची वाट, चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरची दातेरी कड, जंग्या म्हणजे मारा करायची तिरकी भोकं, देवडी म्हणजे पहारेकऱ्यांची खोली.

४. होडीतच काम सुरू

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की मुलाला एवढंच सांगायचं: दरवाजा शोध. सिंधुदुर्गाचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की तट समोर दिसतो आणि आत जायची वाट काही दिसत नाही. मुलं तटावर बोट फिरवत बसतात, इकडे आहे, नाही तिकडे आहे, आणि होडी अगदी जवळ येऊन वळेपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही. शत्रूच्या जागी उभं राहणं यापेक्षा सोपं कुठे शिकवता येणार. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधीच डोळा मारून ठेवा, नाहीतर ते कौतुकाने लगेच दाखवतात.

आत गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं आपण गप्प. हे पालकांना सगळ्यात जड जातं. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं, हिरोजी इंदुलकरांनी बांधलं, तीन वर्षं लागली, हे सगळं तोंडाशी आलेलं असतं पण ते परतीच्या वाटेवर सांगा, आधी पोराला बघू दे.

मग मोजणी. आठ-दहा मीटरची सुतळी घ्या, दर मीटरला गाठ. तटाची रुंदी, देवडीची लांबी, पायरीची उंची सगळं गाठींनी मोजायचं. तटाची उंची सावलीने काढायची: सपाट जागी एक मीटरची काठी उभी धरा, सावली मोजा, समजा ८० सेंटीमीटर आली, त्याच वेळी तटाची सावली ७.२ मीटर आली, तर तट ९ मीटरचा. सावलीसाठी ऊन तिरकं हवं, बाराला जाऊन उपयोग नाही. मुलांना गुणोत्तर पुस्तकात कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं, कारण उत्तर खरंच पाहिजे असतं.

जंगीला डोळा लावून जे दिसतं तेवढंच वहीत काढायचं. एकीतून लांबचं पाणी दिसतं, दुसरीतून तटाच्या पायथ्याचा खडक. दोन चित्रं शेजारी ठेवली की मूल स्वतःच म्हणतं, ही लांबच्यांसाठी आणि ही जवळ आलेल्यांसाठी.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी नकाशावर मांडा, समुद्रापासून किती पावलं ते मोजा, ग्लासातला प्रयोग आठवा. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात न विचारता घुसायचं नाही. विचारून एखाद्या आजींशी बोलायला मिळालं तर मात्र पावसाळ्यात होड्या बंद असताना तुम्ही बाजार कसा भरता हे मुलाला विचारू दे, आपण मध्ये तोंड घालायचं नाही.

५. दिसलं, ऐकलं, लिहिलेलं

वहीत तीन रकाने पाडा. मला विचाराल तर अख्ख्या पद्धतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल. डोळ्यांनी बघितलं ते पहिल्यात. गाइड, होडीवाला, आजोबा यांनी सांगितलं ते दुसऱ्यात. कागदपत्रात किंवा पुस्तकात सापडलं ते घरी आल्यावर तिसऱ्यात. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय हे दुसऱ्यात जातं, कारण पाया आपल्याला दिसत नाही. खोटं आहे असं नाही, पुरावा अजून आपल्या हातात नाही इतकंच.

विजयदुर्ग याच्यासाठी उत्तम. किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" आहेत आणि तिथे हमखास सांगतात की लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला. आता तिसरा रकाना भरायला घ्या. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने बघितलं ते आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट (प्रकाशाचे वेगळे केलेले रंग, हेलियमची खूण त्यातच सापडली) तपासला. विजयदुर्गावर तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं, तीस वर्षांचं अंतर, आणि गावाच्या आठवणीत दोन्ही एक झाली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे स्वतः शोधू दिलंत तर ते पुढे कुठल्याही फॉरवर्डवर पटकन विश्वास ठेवणार नाही. फक्त किल्ल्यावर गाइडकाकांना चार लोकांत खोडून काढायचं नाही, तेवढं आधी बजावा.

६. सड्यावर गेलात तर

सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आणि त्यावर कोरलेली जुनी चित्रं म्हणजे कातळशिल्पं. कातळशिल्पांना सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जायचं, तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी नुसता जांभा दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी या गावांतलं एक पुरे. चप्पल बाहेर, रेषांवर पाय नाही, खडूने रेषा उठवायच्या नाहीत. वय नक्की ठरलेलं नाही, म्हणून मुलांना अंदाज बांधायला मोकळं रान आहे, काही ठिकाणी गेंडा कोरलाय तर तो कोरणाऱ्याने कुठे बघितला असेल? कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, घरी आल्यावर खळ्यात किंवा गच्चीवर सुतळी आणि रांगोळीने तेवढा काढून बघा, बहुतेकांच्या गच्चीत मावत नाही.

७. घरी आल्यावर

दोन दिवसांच्या आत लिहायचं, नाहीतर सगळं धूसर होतं. निबंध नको. मोजमापाचा नकाशा, जंगीची चित्रं, तीन रकाने आणि मूळ प्रश्नाचं उत्तर चार ओळींत. हे सगळं तारीख घालून फाइलला लावा. पुढे मुक्त विद्यालयाकडून पाचवी-आठवीला बसवायचं असेल तर मुलाचा अभ्यास काय झालाय हे तुम्हालाच कळतं, आणि "पोराला शाळेत का नाही घालत" म्हणणाऱ्या आत्याबाईंसमोर फाइल ठेवली की निदान चहा होईपर्यंत शांतता असते.

भिंतीवर सुतळीची काळरेषा करा, १०० वर्षांना १ मीटर. शिलाहारांनी विजयदुर्ग बांधला तो बाराव्या शतकाच्या शेवटी, आज त्याच्यापासून आठ मीटरच्या वर लांब जातो आणि १६६४ त्याच्यापेक्षा आजच्या जास्त जवळ येतं, हे बघून मोठी माणसंही चक्रावतात.

दोन गोष्टी कायद्याच्या. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून दगड, खापराचे तुकडे खिशात घालायचे नाहीत, फोटो आणि माप पुरतं. आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात आलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे कोकणातले, तिथली वर्दळ वाढणार, तर आडवारी जा. मालवणच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, ते दिवस थिबा पॅलेसच्या संग्रहालयासाठी ठेवा, दिवाळीनंतर पुन्हा दोरी बाहेर काढा.