अंकोरवाटच्या पुढे जाताय? भूसुरुंगांच्या मुलखात पाऊल कसे टाकावे

कंबोडियातल्या अंकोरवाटच्या नेहमीच्या मंदिरांत बिनधास्त फिरा, तो परिसर कधीच साफ झाला आहे. पण तिथून पुढे बत्तंबंगची भातशेती, बानते छमारचे पडके मंदिर किंवा पायलिनचे डोंगर बघायचे असतील, तर निघण्याआधी एवढे वाचा.

आधी कुठे जाताय ते नीट बघा. कंबोडियातले युद्ध १९९८च्या सुमारास थांबले, पेरलेले सुरुंग मात्र राहिले. सर्वांत दाट पट्टा वायव्येला, थायलंडच्या सीमेलगत आहे. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांना रोखण्यासाठी १९८०च्या दशकात व्हिएतनामच्या पाठिंब्यावरील सरकारने तिथे 'के-५' नावाचा पट्टा पेरला. ख्मेर रूजनेही हात आखडता घेतला नाही. १९७९पासून सुरुंगांनी आणि न फुटता राहिलेल्या बॉम्बगोळ्यांनी सुमारे ६५ हजार माणसे मेली वा जखमी झाली. २०२५मध्ये याच सीमेवर पुन्हा चकमकी झडल्या, त्यामुळे सीमेजवळ जाणे शक्यतो टाळाच.

मळलेली वाट सोडू नका. ऐकायला सोपे वाटते. पण माणूस वाट सोडतो ती फोटोसाठी दोन पावले मागे सरकताना, नाहीतर लघवीला झुडपात जाताना. इथे संकोच बाजूला ठेवा आणि रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरच उरका. पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर सुरुंग सरकतात, म्हणून पूर ओसरल्यावर गेल्या वर्षीच्या वाटेवरही विसंबू नका.

खुणा वाचा. लाल पाटीवर पांढरी कवटी आणि हाडे दिसली की मागे फिरा. पाटी नसली म्हणजे जागा सुरक्षित, असे मात्र नाही. गावकरी आडव्या टाकलेल्या फांद्या, गवताला मारलेली गाठ अशा आपल्या खुणा ठेवतात. चहूकडे नांगरट आणि मधेच एक तुकडा पडीक दिसला, तर शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको: चांगली जमीन कोणी उगाच सोडत नाही. स्थानिक वाटाड्या घ्या आणि तो जिथे पाय टाकायला नाही म्हणेल तिथे वाद घालू नका.

गावकऱ्याला मात्र असे वळून जाता येत नाही. खाणारी तोंडे वाढली की जंगल तोडून नवी जमीन कसावी लागते. बैलांच्या पायाखाली वर्षानुवर्षे गप्प बसलेला रणगाडाविरोधी सुरुंग ट्रॅक्टरच्या वजनाने फुटतो. पोरे भंगार वेचतात, किलोवर विकतात. म्हणून बाजारात जुनी काडतुसे वा बॉम्बचे तुकडे आठवण म्हणून विकत घेऊ नका. तुमच्या पैशांनी उद्या आणखी कोणी ते वेचायला जाईल.

सुरुंग दिसलाच तर जागच्या जागी थांबा. चिनी टाइप-७२ हा बूट-पॉलिशच्या डबीएवढा हिरवा प्लास्टिकचा सुरुंग असतो. मुलाच्या पावलाचे वजनही त्याला पुरते. एक दिसला की आसपास आणखी असणार असे धरा. मागच्यांना ओरडून थांबवा, मदत मागा. दगड मारू नका, तार दिसली तर ओढू नका, कापू नका. मदत येईपर्यंत हलू नका, मग कितीही तास लागोत. मदत येण्याची आशाच नसेल आणि स्वतःची पावले मातीत स्पष्ट उमटलेली असतील, तरच त्याच ठशांवर पाय ठेवत मागे या.

कोणी जखमी झाले तर धावत जाऊ नका. हे सर्वांत कठीण आहे, कारण पडलेला माणूस ओळखीचा असतो. पण मदतीला धावलेला दुसऱ्या सुरुंगावर पडतो. जखमीशी लांबूनच बोलत राहा, हलू नको म्हणून सांगा, हाताने जखम घट्ट दाबून धरायला लावा. सुरुंग काढणाऱ्या पथकाला बोलवा, तेच वाट मोकळी करून त्याच्यापर्यंत पोचतील.

अंकोरवाटजवळच्या सिएम रीप शहरात अर्धा दिवस मोकळा असेल, तर खेड्यांकडे निघण्याआधीच 'अपोपो' संस्थेच्या केंद्रात जा. तिथे सुरुंग हुंगणारे आफ्रिकी उंदीर काम करताना दाखवतात. ते इतके हलके असतात की त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही आणि त्यांना स्फोटकांचा वास कळत असल्याने धातूशोधक यंत्रासारखे प्रत्येक खिळ्यापाशी थांबावेही लागत नाही. त्यांच्यातल्या मगावाला २०२०मध्ये शौर्याचे सुवर्णपदक मिळाले होते. बानते स्रेई मंदिराच्या रस्त्यावर सुरुंगांचे संग्रहालयही आहे. लहानपणी सैनिक म्हणून सुरुंग पेरलेल्या आणि मोठेपणी तेच हातांनी उपसलेल्या आकी रा यांनी ते उभारले. टाइप-७२ कसा दिसतो, ते तिथे काचेआडून बघून घ्या.