जुनं पायरेक्स वापरताय? या चुका टाळा

गराज सेलमध्ये जुनं पायरेक्स, म्हणजे त्या ब्रँडची काचेची भांडी, मिळालं की बरेच जण धरून चालतात, जुनं आहे म्हणजे बोरोसिलिकेट, उष्णता झेलणारी काच, काहीही सहन करेल. तसं नाहीये. १९१५ मध्ये कॉर्निंग कंपनीने आणलेलं पायरेक्स पारदर्शक बोरोसिलिकेटचं, ते तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावतं. पण १९४७ चे ते रंगीत बाउल, पिवळा सगळ्यात मोठा, मग हिरवा, लाल आणि छोटा निळा, ते टेम्पर केलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करत मजबूत केलेल्या, दुधाळ सोडा-लाइम काचेचे, म्हणजे साध्या काचेच्याच प्रकारचे. आणि फुटतात दोन्ही.

गरम डिश ओल्या ओट्यावर ठेवणं ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि मी स्वतः केलीये. दहा माणसं जेवायला, बेक्ड व्हेजिटेबल ३७५ फॅरनहाइटवरून काढलं आणि खाली ठेवायला काही शोधत बसण्यापेक्षा डिश सरळ सिंकजवळच्या ग्रॅनाइटवर टेकवली, तिथे पाणी सांडलेलं. टण्णकन आवाज झाला, डिशचे दोन तुकडे, व्हाइट सॉस ओघळून ड्रॉवरमध्ये. शेजारच्या आजींनी मला दिलेली डिश होती ती, अजून वाईट वाटतं. सासूबाई म्हणाल्या वरचं वरचं काढून घेऊ, मी नाही घेऊ दिलं, काचेचा कण कुठे गेलाय ते दिसत नाही, सगळं फेकलं. खालची बाजू एकदम गार होऊन आकसते, वरची तापलेलीच असते, काच तो ताण झेलू शकत नाही. आता ओव्हन लावायच्या आधीच मी जाड कोरडा टॉवेल घडी करून ओट्यावर ठेवते.

फ्रीजमधली डिशही थेट ओव्हनमध्ये नको. मी ती आधी बाहेर काढते, मग ओव्हन लावते, आणि तो पूर्ण तापल्यावरच आत सरकवते. एवढा धीर नसेल तर अॅल्युमिनियमचा ट्रे वापरा, जुन्या काचेच्या वाटेला जाऊ नका.

गॅसवर नाही, ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरून येणाऱ्या थेट आचेखाली, नाही.

रंगीत भांडी डिशवॉशरमध्ये घालणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सत्तर वर्षं टिकलेली चमक काही धुण्यांत जाते आणि परत येत नाही. शिवाय बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंग झिजलेल्या, खरवडलेल्या बाउलमध्ये मी अन्न ठेवत नाही. मऊ स्पंज, हाताने धुवा. पारदर्शक डिशवरचे तेलकट डाग खायच्या सोड्याची पेस्ट रात्रभर लावून निघतात, तारेची घासणी लावलीत की ओरखडे, आणि काच तिथूनच तडकते.

घेताना कडेवरून नख फिरवा. टवका लागला तर ओव्हनमध्ये नाही. माझ्याकडे अशी एक आहे, तिच्यात लिंबं ठेवते.