राजवाड्याचे स्मारक नाणे पारखून कसे घ्यावे

ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, २०१५ साली बकिंगहॅम राजवाड्याचे १०० पौंडांचे चांदीचे नाणे काढले आणि ते १०० पौंडांनाच विकले. ते वैध चलन असले, तरी ब्रिटनमधील बँका असे नाणे स्वीकारण्यास बांधील नाहीत, आणि ही गोष्ट अनेकांना विकत घेतल्यानंतर उमगली. म्हणून दर्शनी मूल्य, म्हणजे नाण्यावर लिहिलेली किंमत, क्षणभर बाजूला ठेवून नाण्यातील चांदीची त्या दिवसाच्या भावाने किंमत काढावी आणि विक्रेता त्यावर किती अधिक मागतो ते पाहावे. या नाण्याचे वजन ६२.८६ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर आणि शुद्धता ९९९ (हजारात ९९९ भाग चांदी) आहे.

केवळ वजनावर मात्र विसंबू नये. २०१७ साली ब्रिटनच्या विंडसर राजघराण्याच्या शतकपूर्तीनिमित्त निघालेल्या ५ पौंडांच्या नाण्यावर विंडसर किल्ल्याचा गोल बुरूज आहे. त्याची साधी तांबे-निकेलची आणि ९२५ शुद्धतेची चांदीची अशी दोन्ही नाणी २८.२८ ग्रॅमची व ३८.६१ मिलिमीटर व्यासाचीच आहेत, त्यामुळे तराजू आणि मोजपट्टी दोघेही येथे निरुत्तर होतात.

फरक कळतो तो घनतेने: वजन सारखे असले तरी अधिक घन धातूचे नाणे कमी पाणी बाजूला सारते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही, असे दोऱ्याने पाण्यात लोंबते धरावे; काटा दाखवतो ते बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन. चांदीच्या ५ पौंडी नाण्याला काटा सुमारे २.७ ग्रॅम दाखवील, तांबे-निकेलच्या नाण्याला सुमारे ३.२, तर बकिंगहॅमच्या नाण्याला जवळपास ६. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, तेव्हा ते आधी झटकून टाकावेत. आरशासारखी चकाकी असलेले प्रूफ नाणे मात्र या परीक्षेसाठी त्याच्या पारदर्शक कॅप्सूलमधून (बंद डबीतून) कदापि काढू नये. तेथे मूळ डबी, प्रमाणपत्र आणि विक्रेत्याची परत घेण्याची लेखी हमी यांवरच निर्णय घ्यावा.

नाणे नेहमी कडेला धरावे आणि काळवंडले तरी चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावून घासू नये, कारण देवघरातील समई उजळते त्याच घासण्याने नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि जाणकार खरेदीदार ते भिंगातून पहिल्याच नजरेत ओळखतो.