आधी चंद्र, मग तिकिटं

मुलांना समुद्रावर न्यायचं ठरलं की नागपूरकर आधी सुट्ट्या बघतात, मग गाडीचं आरक्षण. माझं म्हणणं, आधी तिथी बघा. भरतीच्या वेळी पोचलात तर नुसतं पाणीच पाणी. बघण्यासारखं जे असतं ते ओहोटीत दीड-दोन तास उघडं पडतं.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा वाजता, बीजेला दीड वाजता. त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. म्हणजे भाऊबीजेला सकाळी सव्वासात-साडेसातला पाणी मागे गेलेलं असेल, ऊनही कोवळं. शिवाय अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरतीचा आणि तितक्याच खोल ओहोटीचा, खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. तेव्हा लक्ष्मीपूजन उरकलं की निघा, ओवाळणी तिकडेच होऊ द्या. भाऊबीज घरी करून निघालात तर पोचेस्तोवर पंचमी उजाडते, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटीला, तर पाणी फारसं हलतच नाही. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात हेही त्यात दिसेल.

चंद्राचा अभ्यास मात्र इथेच, गच्चीवर उरकायचा. घटस्थापनेनंतर कोर दिसायला लागली की कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकाच वेळी मुलांना वर न्या. हात लांब करून मूठ आभाळाला लावायची आणि चंद्र कालच्यापेक्षा किती मुठी पूर्वेला सरकला ते वहीत लिहायचं. मुठीहून थोडं जास्तच भरतं. कोजागिरीनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो तेही टिपून ठेवा, कारण किनाऱ्यावर भरतीही रोज तेवढीच मागे पडते. ही जोडी पोरांनी स्वतः लावली पाहिजे, आपण आधी सांगायची नाही.

दिवाळीआधी आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, संत्रं हातभर लांब आणि डोक्यापेक्षा थोडं वर धरून मुलाला जागेवरच गोल फिरायला सांगा, सगळ्या कला दिसतात. मग सात सेंटिमीटरचं संत्रं पृथ्वी, दोन सेंटिमीटरचं बोर चंद्र; दोघांत सुमारे दोन मीटर अंतर ठेवायचं. बहुतेक पोट्टे बोर संत्र्याला चिकटवूनच ठेवतात.

फुटाळा तलावाला भरती का येत नाही, हे कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा: चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूला कमी-जास्त पडते म्हणून समुद्र फुगतो, तलावाच्या दोन टोकांत तसा फरक पडायला जागाच नाही.

सामान थोडंच. मागे पट्टा असलेल्या सँडल, कारण शेवाळलेल्या कातळावर चप्पल टिकत नाही आणि दगडाला चिकटलेली कालवं तळपाय कापतात. पांढरा पसरट डबा, भिंग, टोपी, पाणी. किनारा कातळाचा निवडा, नुसत्या वाळूवर जीव कमी दिसतात. कातळातल्या डबक्यांत समुद्रफूल हा फुलासारखा दिसणारा प्राणी भेटेल. सावली पडली तरी कधीकधी ते शुंडकं आत ओढून घेतं, म्हणून उन्हाच्या उलट बाजूला बसा. शेजारी एखादा शंख चालायला लागला तर आत खेकडा आहे. त्याला वाढताना मोठं घर लागतं, तेव्हा रिकामे शंखही पिशवीत भरू नका.

दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, हे निघण्याआधीच बजावून ठेवा. शंकूच्या आकाराच्या शंखांना आणि वाळूत पडलेल्या निळसर फुग्यांसारख्या जीवांना हात लावायचा नाही, डंख विषारी असतो. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की मुलं मोजून वर या. आणखी पाच मिनिटं कुणालाही द्यायची नाहीत, बाबांनाही नाही.