कारचे स्पार्क प्लग बदलता? मग या चुका टाळा, नाही तं हेडवर येते

राजेहो, गाडी मिसिंग मारायला लागली (म्हणजे इंजिन अडखळत, झटके देत चालायला लागलं) का आपल्याकडं सगळ्यात आधी प्लगवरच हात जाते, आणि त्यात काही चूक नाही, प्लग स्वस्त असते आणि घरच्या घरी बदलताही येते. पण तो प्लग ज्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात बसते, ते हेड स्वस्त नाही. आटे गेले का मग लेथवाल्याकडं चकरा मारा, हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाका, कधी तं अख्खं हेड उतरवा, आणि तालुक्याच्या गावी हे काम धड करणारा माणूस लवकर सापडत नाही. (डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतेच, तिथं हीटर प्लग असते, तो विषयच वेगळा.)

गरम इंजिनवर प्लग खोलू नका. बाजारातून गाडी आली, बोनेट उघडलं आणि लावला पाना, असं लय जण करतात. गरम असताना ॲल्युमिनियम नरम पडलेलं असते, आटे प्लगसोबत सोलून निघू शकतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, सावलीतली गाडीही लवकर निवत नाही, म्हणून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आधी काम उरका.

मग धूळ. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा आणि पांदणीची माती प्लगच्या खोल भोकात जाऊन बसते. प्लग काढला का ती सरळ सिलिंडरमध्ये. आधी प्लग पाव फेरा ढिला करा, मग हवा मारा, मग पूर्ण काढा. कंप्रेसर नसला तं पंक्चरवाल्याकडं जाऊन मारून आणा, पण हवा मारताना डोळे सांभाळा. वायरवाली गाडी असली तं वायर ओढू नका, टोपी धरून काढा, आणि एकावेळी एकच काढा म्हणजे नंबर उलटेसुलटे होत नाहीत.

निवडताना लोकं एक मोठी गडबड करतात, "सेमच दिसते" म्हणून उचलतात. प्लगवरचा नंबर वाचा. उदाहरण म्हणून बीपीआर ६ ई एस पाहा, एनजीके कंपनीचा लय चालणारा प्लग. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ म्हणजे हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडते ते, लवकर सोडणारा थंड, हळू सोडणारा गरम) आणि ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. लांबी जास्त झाली तं प्लग पिस्टनला लागू शकते, कमी झाली तं उघड्या आट्यांवर काजळी जमते. आणि हीट रेंजचा आकडा कंपनी बदलली का उलटा होते हे ध्यानात ठेवा, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम. म्हणून आकडा जुळवून कंपनी बदलू नका, गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर दुकानदाराला दाखवा. साधा निकेलचा प्लग ३०-४० हजार किलोमीटर जाते, लाँग लाइफ इरिडियम ८० हजार ते लाखाच्या घरात. इरिडियमला सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका, टोक तारेएवढं बारीक असते, खराब होते. हातातून सिमेंटवर पडलेला प्लग लावूच नका, आतल्या सिरॅमिकची चीर वरून दिसत नाही. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाजवळची फट, डब्यातून आली तशी न धरता फिलर गेजनं (फट मोजायच्या पट्टीनं) पाहून घ्या.

आता खरी कलाकारी, बसवणं. पान्यानं सुरुवात करायची नाही. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या शेंड्यावर दाबून बसवा आणि तो पाइप बोटानं फिरवत प्लग भोकात उतरवा. आधी थोडा उलटा फिरवा, हलका टिचका लागते, तिथून सुलटा. आटे वाकडे चढले तं पाइप शेंड्यावर घसरते आणि तुम्हाला लगेच कळते, पाना लावला असता तं तेच वाकडे आटे जोरात कापत गेले असते. हातानं पूर्ण टेकला का मगच पाना. नवा वायसरवाला १४ चा प्लग असला तं टेकल्यावर अर्धा फेरा किंवा त्याहून जरासाच जास्त, टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) असला तं २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ चा प्लग १५ ते २० मध्येच भागते. जुना वायसर आधीच दबलेला असते, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरते. आट्याला ग्रीस, ऑइल काही लावू नका. लावलं का तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जाते आणि आटे ताणतात.

जुने प्लग फेकू नका, क्रमानं कागदावर मांडा आणि पाहा. फिकट तपकिरी असले तं गाडी तंदुरुस्त. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आधी एअर फिल्टर काढून पाहा, आपल्या धुळीत तो लवकर चोंदते. टोक तेलकट असले तं ऑइल सिलिंडरमध्ये येऊन जळत आहे, पिस्टनची रिंग नाही तं व्हॉल्व्ह सील गेलं. प्लग बाहेरून ऑइलमध्ये भिजला आणि टोक कोरडं, तं बहुधा टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) पॅकिंग गेली, हा खर्च कमी आहे, घाबरू नका. पांढराफटक, भाजल्यासारखा असला तं कुठून तरी जास्तीची हवा घुसत आहे किंवा इंजिन तापत आहे, कूलंट पाहा. हे दुखणं तसंच ठेवून नवे प्लग टाकले तं महिनाभरात तेच रडगाणं.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, ही तक्रार लय ऐकू येते. गॅस पेटवायला ठिणगीला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडते. गॅप तपासा, मॅन्युअलमध्ये सीएनजीची गॅप वेगळी दिली असली तं तीच ठेवा.

आणि नव्या प्लगवरही मिसिंग चालूच असली तं प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीला व्होल्टेज देणारा भाग) असलेल्या गाडीत ज्या सिलिंडरचा त्रास आहे त्याची कॉइल दुसऱ्यावर टाका. त्रास कॉइलसोबत सरकला तं कॉइल खराब, जागेवरच राहिला तं इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायला न्या. इंजिनचा दिवा सतत मिचकत असला तं मात्र गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळते आणि तो भाग प्लगच्या किती तरी पट महाग असते.