जोडीदाराच्या इमिग्रेशन व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स: आधी क्रम लावा, मग अर्ज करा

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, ते तुमच्याविरुद्ध प्रतिकूल माहिती नाही असं सांगणारं सरकारी पत्र. ते काढणं मुळात फार अवघड नाही. ऑनलाइन फॉर्म, ५०० रुपये फी, पासपोर्ट सेवा केंद्रात एक फेरी आणि गरज पडली तर पोलिसांची पडताळणी. एवढं असूनही लग्नानंतर परदेशी जाणाऱ्यांच्या फायली याच कागदावर अडतात. कारण बहुतेक वेळा एकच: कागद बरोबर असतो, पण वेळ चुकलेली असते. कुणी पीसीसी काढून मग पासपोर्टवर नाव बदलतं, कुणी इतक्या घाईने काढतं की मुलाखतीपर्यंत त्याची मुदत संपते. म्हणून फॉर्मकडे वळण्याआधी थोडा हिशेब करा.

लागतं का, आणि कुठल्या कुठल्या देशाचं?

नवरा किंवा बायको परदेशात आहे म्हणजे पीसीसी लागणारच, असं नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, त्याला हा कागद लागत नाही. ब्रिटनच्या स्पाउस व्हिसालाही सर्वसाधारणपणे मागत नाहीत, तिथे टीबीची तपासणी मात्र लागते. पीसीसी लागतं ते मुख्यतः कायमच्या वास्तव्यासाठी जाताना.

अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा इमिग्रंट व्हिसा असेल तर नियम असा: वय १६ किंवा जास्त असेल आणि तुम्ही आपल्या नागरिकत्वाच्या देशात सहा महिन्यांहून अधिक राहिला असाल, तर त्या देशाचं सर्टिफिकेट. सध्या दुसऱ्या देशात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहत असाल तर तिथलंही. याआधी आणखी कुठे वर्षभर किंवा जास्त राहिला असाल, तर त्या देशाचंही. कुठे अटक झाली असेल, तर राहण्याचा काळ कितीही कमी असो, तिथलं लागतंच. खुद्द अमेरिकेत राहून आला असाल तर अमेरिकेचं मात्र लागत नाही.

कॅनडाच्या स्पाउसल स्पॉन्सरशिपमध्ये मागची १० वर्षं बघतात. वयाच्या १८ नंतर ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येकाचं सर्टिफिकेट. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसालाही १० वर्षंच, पण तिथे तुकड्यातुकड्यांनी राहिलेले दिवस जोडून एकूण १२ महिने भरतात का ते पाहतात, आणि वयाची अट १६.

हे वाचून अनेकांना आपली जुनी ऑनसाइट पोस्टिंग आठवेल. पुण्यातल्या कंपनीकडून दोन वर्षं लंडनला गेलेल्याला ब्रिटनचं सर्टिफिकेट एक्रो या पोलीस कार्यालयाकडून मागवावं लागतं. दुबईला राहिलेल्याला अमिरातीचं, सिंगापूरला राहिलेल्याला तिथलं सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जाणारा आधी अमेरिकेत राहिलेला असेल तर एफबीआयकडून रेकॉर्ड मागवायचं, त्याची फी १८ डॉलर आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. भारतातलं पीसीसी सगळ्यात सोपं. म्हणून बाहेरचे कागद आधी मागवा, भारताचं नंतर.

पासपोर्ट आधी सरळ करा

पीसीसीवर तुमचं नाव आणि पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. पासपोर्ट बदलला की नंबर बदलतो आणि हातातलं पीसीसी जुन्या नंबरचं राहतं. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल किंवा त्यात काही बदल करायचा असेल, तर ते काम आधी.

आपल्याकडे हा प्रश्न विशेष करून मुलींचा. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि शेवटी आडनावही बदललेलं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द वेगळे. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. नाव तेच ठेवणार असाल तर सगळीकडे तेच ठेवा आणि निश्चिंत राहा. व्हिसाच्या दृष्टीने हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे, हे माझं स्पष्ट मत. बदलणार असाल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून लग्नाची नोंद करून प्रमाणपत्र घ्या, त्यावर पासपोर्ट नव्या नावाने करून घ्या, आणि मगच पीसीसी. आत्याबाई किंवा शेजारच्या काकू काहीही सांगोत, अर्धं जुनं अर्धं नवं असं नाव घेऊन व्हिसाच्या वाटेला जाऊ नका.

पत्त्याचंही तेच. लग्न झालं, जोडीदार परत गेला, आणि व्हिसा येईपर्यंत मुलगी माहेरीच राहते, हे नेहमीचं. पासपोर्ट माहेरच्या पत्त्यावर, राहणंही माहेरी. अशा वेळी हौसेने आधार कार्ड सासरच्या पत्त्यावर करून घेऊ नका. पडताळणीला पोलीस अर्जातल्या सध्याच्या पत्त्यावर येतात, आणि तुम्ही तिथे खरोखर राहत असायला हवं. पासपोर्ट, आधार आणि प्रत्यक्ष राहणं एकाच घरी असेल तर निम्मं काम झालं.

राहता सासरी आणि पासपोर्ट माहेरचा असेल, तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. आधार, वीजबिल, गॅस कनेक्शन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार, यांपैकी काहीही चालतं. फार कमी लोकांना माहीत असलेला एक पुरावाही आहे: जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत. त्यात पती किंवा पत्नी म्हणून तुमचं नाव असेल आणि पत्ता तुमच्या सध्याच्या पत्त्याशी जुळत असेल, तर तीही धरली जाते.

काढायचं कधी?

हे देशावर ठरतं. अमेरिकेसाठी पीसीसी दोन वर्षं चालतं. नागरिकाच्या जोडीदाराला तेवढी मुदत सहसा पुरते. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र व्हिसा नंबरच्या रांगेत थांबावं लागतं, तेव्हा जोडीदाराने तिकडे तुमच्यासाठी याचिका (व्हिसाचा पहिला अर्ज) दाखल केल्याबरोबर पीसीसीसाठी धावण्यात अर्थ नाही. मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरने ती मागितली की काढा.

कॅनडाचं उलट. तिथे अर्जासोबतच जोडायचं असतं, आणि तुम्ही सध्या राहता त्या देशाचं सर्टिफिकेट अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. आधी राहून सोडलेल्या देशाचं असेल तर ते तुम्ही तो देश सोडल्यानंतरच्या तारखेचं हवं. ऑस्ट्रेलिया दिल्या तारखेपासून १२ महिने धरतं.

आणखी एक लक्षात घ्या: भारतातलं पीसीसी ठरावीक देशासाठी मिळतं. या व्यक्तीविरुद्ध अमुक देशाच्या व्हिसाला अडथळा ठरेल अशी प्रतिकूल माहिती नाही, असा त्याचा मजकूर असतो, आणि त्यात देशाचं नाव असतं. कॅनडासाठी काढलेलं ऑस्ट्रेलियाला दाखवता येत नाही.

अर्ज

आधी एक गैरसमज काढून टाकू. महाराष्ट्र पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, तो नोकरीसाठी किंवा तत्सम कामांसाठी. इमिग्रेशनसाठी लागतं ते परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पीसीसी. पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज करायचा नाही, पोलीस पुढे आपोआप येतात.

पासपोर्ट सेवाच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा एमपासपोर्ट सेवा या ॲपवर नोंदणी करा. नावात पासपोर्ट असलेल्या खूप बनावट साइट्स आहेत, जादा पैसे घेतात आणि तुमची माहितीही नेतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, एवढं बघूनच पुढे जा. सध्याच्या पत्त्याप्रमाणे पासपोर्ट कार्यालय निवडा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर अशी प्रादेशिक कार्यालयं आहेत, गोव्याचं पणजीला. लॉगिन करून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज निवडा आणि भरा. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं पासपोर्टसमोर ठेवून अक्षर न अक्षर तशीच लिहा. देशाचं नाव आणि कारण इमिग्रेशन, हे नीट निवडा. टुरिस्ट व्हिसासाठी पीसीसी देतच नाहीत, त्यामुळे कारण चुकलं तर काउंटरवर अडवतील.

अर्ज सादर झाला की फी ऑनलाइन भरून अपॉइंटमेंट घ्या. पासपोर्टला असते तशी तत्काळची सोय पीसीसीला नाही. जिल्ह्याच्या गावांत राहणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट ही, की सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतले जातात. मोठ्या केंद्राची तारीख लांबची मिळत असेल तर जवळच्या पोस्टातलं केंद्र तपासून बघा.

केंद्रावर जाताना

मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, शेरा असलेलं पान असेल तर त्याचीही, प्रत्येकावर तुमची सही. पत्ता बदलला असेल तर त्याचा पुरावा, मूळ आणि झेरॉक्स. अपॉइंटमेंटची पावती किंवा एसएमएस.

आणि कशासाठी हवं याचा पुरावा. इथे लोक कमी पडतात. अमेरिकेची याचिका मंजूर झाल्याचं पत्र किंवा नॅशनल व्हिसा सेंटरचं पत्र असेल तर प्रश्नच नाही. कॅनडाच्या बाबतीत पत्र नसतं, कारण अर्जच अजून केलेला नसतो. तेव्हा लग्नाचं प्रमाणपत्र, जोडीदाराच्या पासपोर्टची किंवा पीआर (कायम वास्तव्याच्या) कार्डची प्रत आणि कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या कागदपत्रांच्या यादीची प्रिंट सोबत ठेवा. मागितलं नाही तर परत आणा.

आत अ, ब, क अशा क्रमाने काउंटर असतात. पहिल्यावर कागद तपासून फोटो आणि ठसे घेतात, दुसऱ्यावर पासपोर्ट कार्यालयाचे अधिकारी पडताळतात, तिसऱ्यावर निर्णय होतो. पासपोर्ट अलीकडचा, त्या वेळची पडताळणी स्वच्छ आणि पत्ता तोच असेल तर कधी कधी त्याच दिवशी पीसीसी हातात पडतं. नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जातं.

पोलीस पडताळणी

फोन येईल, घरी येतील किंवा ठाण्यात बोलावतील. मोबाइल नंबर तुमचाच द्या, परदेशातल्या जोडीदाराचा देऊ नका. पासपोर्ट, आधार, पत्त्याचा पुरावा, लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन फोटो तयार ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर करार आणि घरमालकाचा नंबरही. सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आडनाव बदललेल्या सुनेला वॉचमन ओळखतच नाही, तेव्हा इथे कोणी राहत नाही असं सांगून तो मोकळा होतो.

पडताळणीला कुठलीही फी नाही. चहापाण्याची भाषा झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री नंबर आहे.

तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला असेल तर लपवू नका, पोलिसांच्या नोंदीत ते निघतंच. खटला निकाली निघाला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडा. चालू असेल तर आधी वकिलाला भेटा. आणि व्हिसाच्या फॉर्ममध्येही तेच खरं लिहा, तिथे खोटं सांगणं मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतं.

अर्जाची स्थिती फाइल नंबर टाकून वेबसाइटवर दिसते. पोलिसांनी अहवाल पाठवला म्हणतात आणि स्थिती हलत नाही, असं झालं तर १८०० २५८ १८०० या पासपोर्ट सेवाच्या नंबरवर विचारा, नाहीतर प्रादेशिक कार्यालयात चौकशीची वेळ घ्या.

भारताबाहेर असाल तर

दुबईत किंवा दोह्यात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने भारताचं पीसीसी तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत काढायचं, त्यासाठी मुंबईला यायची गरज नाही. फी आणि पद्धत त्या त्या देशाप्रमाणे वेगळी. भारतात राहणाऱ्या परदेशी पासपोर्टधारकाला मात्र पासपोर्ट सेवा केंद्राचा उपयोग नाही, त्याने परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे जावं.

हातात आल्यावर

कागद हातात पडला की तिथेच वाचा: नाव, पासपोर्ट नंबर, देशाचं नाव, तारीख, सही आणि शिक्का. स्पेलिंगची चूक तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्ती सोपी जाते. लॅमिनेट करू नका. रंगीत स्कॅन करून ठेवा. अमेरिकेच्या फायलीत तो अपलोड करायचा असतो आणि मूळ प्रत मुलाखतीला न्यायची असते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागत नाही. युरोपातले काही देश मागतात, तेव्हा त्या दूतावासाची यादी बघून परराष्ट्र मंत्रालयाकडून करून घ्या.

मुदत संपली तर पीसीसीचं नूतनीकरण असं काही नसतं. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा ५०० रुपये. फक्त पत्ता आणि पासपोर्ट तेच राहिले असतील, तर दुसऱ्यांदा काम बऱ्याचदा लवकर उरकतं.